पॉवर सप्लाय निवडताना : देण्याइतकेच थांबणेही महत्त्वाचे

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेने जोडले गेले. देशाच्या वीजक्षेत्राच्या नकाशावर सोलापूरचे नाव त्या दिवशी ठळक झाले. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन औष्णिक संचही उभे राहिले. परंतु सात लाख पासष्ट हजार व्होल्टची ही वीज टप्प्याटप्प्याने उतरत घराच्या भिंतीवरील सॉकेटपर्यंत येते, तेव्हाही ती २३० व्होल्टची असते. इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावरील बोर्डाला हवे असतात अवघे ५ किंवा १२ व्होल्ट, आणि तेही प्रत्यावर्ती नव्हे तर दिष्ट प्रवाहाचे. उतरणीची ही शेवटची पायरी ज्या उपकरणाने पार पडते, ते म्हणजे बेंच पॉवर सप्लाय.

या उपकरणाची गरज भासणारे लोक सोलापुरात थोडेथोडके नाहीत. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, शासकीय तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील विद्यार्थी आपले प्रकल्प अनेकदा घरीच पुरे करतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या या गावात मागांवरही आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली असून त्यांचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत. टीव्ही, इन्व्हर्टर, ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे आहेत आणि केवळ हौसेपोटी सोल्डरिंग गन हाती धरणारेही आहेत. मल्टीमीटरनंतर यांपैकी बहुतेकांची पहिली मोठी खरेदी पॉवर सप्लायची असते. ती चुकली तर केवळ पैसे वाया जात नाहीत. महिनाभर खपून तयार केलेला बोर्ड क्षणात जळू शकतो आणि उपकरणाची बांधणी सदोष असेल तर जिवावरही बेतू शकते.

साधारणतः ग्राहक दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती व्होल्ट आणि किती अँपिअर’ हाच. प्रश्न गैर नाही, पण तो दुसरा असायला हवा. हा सप्लाय कुठे, कसा आणि किती तत्परतेने थांबतो, हा पहिला प्रश्न होय.

अडॅप्टर आणि सप्लाय यांतील भेद

मोबाइलचा चार्जर किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर हाही एका अर्थाने पॉवर सप्लायच असतो. परंतु तो तयार झालेल्या, तपासलेल्या उपकरणासाठी बनविलेला असतो. त्याला जोडलेल्या वस्तूत चूक असेल हे त्याने गृहीत धरलेले नसते. प्रयोगशाळेत नेमकी उलट स्थिती असते. तेथे जोडणी पहिल्याच वेळी बरोबर असणे हाच अपवाद. धारित्र उलटे बसते, दोन तारा एकमेकींना टेकतात, आयसीचा पहिला पाय समजून आठव्या पायाला वीज दिली जाते. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर अशा वेळी आपल्या कुवतीचे सगळे २४ वॉट त्या चुकीत ओततो. बोटाच्या पेराएवढ्या आयसीला राख करण्यास एवढी शक्ती पुरेशी असते.

बेंच सप्लायला दोन स्वतंत्र नियंत्रणे असतात. एका नॉबने दाब, म्हणजे व्होल्ट ठरवायचे आणि दुसऱ्याने प्रवाहाची कमाल मर्यादा, म्हणजे अँपिअर. बोर्ड जोवर मर्यादेपेक्षा कमी प्रवाह घेतो, तोवर सप्लाय दाब स्थिर राखतो. या अवस्थेला कॉन्स्टंट व्होल्टेज म्हणतात व उपकरणावर ‘सीव्ही’चा दिवा लागतो. प्रवाह मर्यादेला भिडला की सप्लाय आपली भूमिका बदलतो. तो प्रवाह स्थिर धरतो आणि त्यासाठी दाब लागेल तितका खाली उतरवतो. ही कॉन्स्टंट करंटची अवस्था, आणि तिचा दिवा ‘सीसी’चा.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सप्लायवर १० व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मर्यादा लावून त्याला १० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर ओहमच्या नियमाने १ अँपिअर प्रवाह वाहायला हवा. परंतु मर्यादा अर्ध्या अँपिअरची असल्याने सप्लाय दाब ५ व्होल्टपर्यंत खाली आणतो आणि तेथेच थांबतो. आता रेझिस्टरच्या जागी चुकीची जोडणी आहे असे मानावे. मर्यादा १०० मिलिअँपिअर असेल, तर दोन्ही तारा थेट एकमेकींना टेकल्या तरी त्यांतून १०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह टिकून वाहणार नाही. दिव्याचा रंग बदलतो, आकडा खाली येतो आणि चूक कोठे आहे ते शोधायला माणसाला अवधी मिळतो. हा अवधी हीच बेंच सप्लायची खरी किंमत आहे.

म्हणून केवळ दाब बदलणारा, प्रवाहमर्यादेचा नॉब नसलेला सप्लाय कितीही स्वस्त असला तरी पहिल्या खरेदीसाठी योग्य नव्हे. काही उपकरणांत मर्यादा ओलांडताच सप्लाय सरळ बंद पडतो. हे संरक्षण उपयोगी असले, तरी ते प्रवाहमर्यादेला पर्याय ठरत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. सप्लायच्या आउटपुटवर आतल्या बाजूने एक धारित्र असते आणि प्रवाहमर्यादेचे मंडल त्याच्या अलीकडे असते. ३० व्होल्टला भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे ०.२ ज्यूल ऊर्जा साठते. मर्यादा २० मिलिअँपिअर लावलेली असली तरी चालू सप्लायला एखादा एलईडी अचानक जोडल्यास ही साठलेली ऊर्जा प्रथम त्याच्यातून जाते आणि तो जळतो. यास्तव दाब शून्यावर आणून जोडणी करावी आणि मग तो हळूहळू वाढवावा. आउटपुट बंद-चालू करण्याचे स्वतंत्र बटण असलेला सप्लाय या दृष्टीने सोयीचा.

किती व्होल्ट, किती अँपिअर?

घरगुती कामासाठी ० ते ३० व्होल्ट आणि ३ अँपिअर ही क्षमता बहुतेकांना पुरते. डिजिटल मंडलांना ३.३ किंवा ५ व्होल्ट, मोटारी आणि वाहनांतील उपकरणांना १२ व्होल्ट, तर कारखान्यांतील संवेदक, रिले आणि नियंत्रकांना प्रचलित पद्धतीप्रमाणे २४ व्होल्ट लागतात. यंत्रमागांच्या किंवा अन्य औद्योगिक बोर्डांच्या दुरुस्तीचा विचार असेल, तर १५ व्होल्टवर थांबणारा सप्लाय अपुरा पडेल. उलट ६० व्होल्टच्या मागे लागण्याचे कारण नवशिक्याला क्वचितच असते.

प्रवाहाचे गणितही सोपे आहे. आर्डुइनो उनोसारखा बोर्ड स्वतःसाठी साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. रास्पबेरी पाय ४ साठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा सुचविलेला आहे. मोटारी, एलईडीच्या पट्ट्या आणि मोठे ध्वनिवर्धक मात्र याहून अधिक मागतात. एकंदरीत नव्वद टक्के प्रयोग एका अँपिअरच्या आतच आटोपतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्यामुळे १० अँपिअरचा आकडा पाहून भुलण्यापेक्षा लहान प्रवाह किती बारकाईने दिसतो ते पाहावे. ज्या मीटरवर प्रवाह १० मिलिअँपिअरच्या टप्प्यांनी बदलतो, त्यावर ४ मिलिअँपिअर घेणारा बोर्ड शून्यच दाखवील. १ मिलिअँपिअरपर्यंत वाचता येणारा मीटर दुरुस्तीच्या कामात रोगनिदानाचे काम करतो. बोर्ड नेहमीपेक्षा जास्त खातो आहे की कमी, एवढ्यावरूनच निम्मे दोष उमगतात.

ध्वनिवर्धक, ऑप-अँप यांसारख्या ॲनालॉग मंडलांवर काम करणाऱ्यास अधिक १५ आणि उणे १५ असे दोन्ही दाब एकाच वेळी लागतात. त्याने दोन स्वतंत्र आउटपुट असलेला सप्लाय घ्यावा. दोन्ही आउटपुट एकमेकांपासून पूर्णपणे विलग असतील, तर एकाचे धन आणि दुसऱ्याचे ऋण टोक जोडून मधला बिंदू शून्य मानता येतो. अंदाजपत्रक तेवढे नसेल तर आज एक साधा सप्लाय घेऊन पुढे तसाच दुसरा घेण्याचा मार्ग खुला राहतो.

लिनिअर आणि स्विचिंग

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला लिनिअर. त्यात मोठे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्टचे ३०-३५ व्होल्ट करते, डायोड व धारित्रे त्याचे दिष्टीकरण करतात आणि शेवटी ट्रान्झिस्टर नको असलेला दाब स्वतःवर घेऊन उरलेला बाहेर सोडतो. दुसरा स्विचिंग. त्यात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहानशा रोहित्रातून नेली जाते. पहिला वजनदार व तापणारा, तर दुसरा हलका व कार्यक्षम. ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा लिनिअर सप्लाय एका हाताने उचलताना त्याचे वजन जाणवते. स्विचिंग सप्लाय पुस्तकासारखा उचलता येतो.

मग वजनदार उपकरण घ्यायचे कशासाठी? उत्तर आउटपुटच्या शुद्धतेत आहे. दिष्ट दाबावर उरणाऱ्या सूक्ष्म लाटांना रिपल म्हणतात. चांगल्या लिनिअर सप्लायमध्ये त्या एका मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. स्वस्त स्विचिंग सप्लायमध्ये त्या दहापट, कधी पन्नासपटही असू शकतात. मोटार फिरवताना किंवा दिवे लावताना याने काहीच बिघडत नाही. परंतु रेडिओ किंवा ध्वनिवर्धक तपासताना तीच लाट खरखर होऊन ऐकू येते. ५ व्होल्ट हीच मोजपट्टी मानणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने ५० मिलिव्होल्टची लाट म्हणजे मापनात एक टक्क्याची डळमळ. दोष आपल्या मंडलात आहे की सप्लायमध्ये, हे नवशिक्याला कळत नाही आणि तो दिवसचे दिवस नसलेली चूक शोधत बसतो. ऐपत असल्यास पहिला सप्लाय लिनिअर असावा, असा जाणकारांचा कल असतो तो याच कारणाने.

दुरुस्तीचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. लिनिअर सप्लायचे भाग मोठे, ओळखीचे आणि सुटे मिळणारे असतात. ठाण्याची अ‍ॅपलॅब, इंदूरची सायंटेक यांसारख्या भारतीय कंपन्यांची प्रयोगशाळांतील उपकरणे देशभरातील महाविद्यालयांत दिसतात. सुटे भाग हवे असल्यास पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड सोलापूरकरांना एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आंतरजालावर काही हजारांत मिळणारे अनामिक स्विचिंग सप्लाय बिघडले, की बहुधा अडगळीतच जातात.

सोलापूरचा उन्हाळा आणि चाळीस अंश

लिनिअर सप्लायची एक बाजू मात्र सोलापुरात विशेष विचारात घ्यावी लागते. ३० व्होल्टच्या लिनिअर सप्लायमध्ये आतला दाब सुमारे ४० व्होल्ट असतो. त्यातून ३.३ व्होल्टला ३ अँपिअर घेतले, तर बोर्डाला मिळतात जेमतेम १० वॉट आणि उरलेल्या ३६.७ व्होल्टचे तीन अँपिअरने ११० वॉट होतात, ते सगळे उष्णता म्हणून बाहेर पडतात. जुन्या काळच्या शंभर वॉटच्या बल्बपेक्षाही ही उष्णता अधिक. ती पेटीच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांतून खोलीत जायला हवी, आणि खोलीतली हवाच तापलेली असेल तर ती जाणार कशी?

प्रयोगशाळेच्या बहुतांश उपकरणांच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. सोलापुरात मे महिन्यात पारा अनेकदा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा थेट गच्चीच्या छताखालील खोलीत दुपारी तो आणखी वर असतो. म्हणजे माहितीपत्रकातील ‘३ अँपिअर’ हे वचन त्या खोलीत त्या वेळी लागूच पडत नाही. शिवाय आतील इलेक्ट्रोलायटिक धारित्रांचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ज्या सप्लायला तीस अंशांच्या शहरात दहा वर्षे जायची, त्याला येथे पाचच मिळतील.

यावर उपाय दोन. पहिला, गरजेपेक्षा मोठा सप्लाय घेऊन तो कमी भारावर चालवणे. दीड-दोन अँपिअरची गरज असेल तर ३ अँपिअरचा घ्यावा. दुसरा, रोहित्राला टप्पे असलेला सप्लाय निवडणे. अशा उपकरणात दाब कमी-जास्त करताना आत रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो दोष नव्हे. कमी दाब हवा असताना रोहित्राचा खालचा टप्पा जोडला जातो, आतला दाब ४० ऐवजी १५ व्होल्टच्या आसपास राहतो आणि वरील उदाहरणातील ११० वॉटची उष्णता ३५ वॉटवर येते. पंखा असल्यास त्याची जाळी महिन्यातून एकदा, प्लग काढून, कोरड्या ब्रशने साफ करावी. या कोरड्या हवामानात धूळ लवकर साठते. पेटीवर पुस्तके किंवा दुसरे उपकरण ठेवू नये, हे सांगायला नकोच.

भिंतीमागची वीज

घरातील दाब कागदोपत्री २३० व्होल्ट असला, तरी उन्हाळ्यातील संध्याकाळी तो खाली येतो, हा अनेक वस्त्यांतील अनुभव आहे. दाब २३० वरून २०० वर आला, तर सप्लायच्या आतील ४० व्होल्टचे ३५ व्होल्टही उरत नाहीत. तेवढ्यातून ३० व्होल्टला पूर्ण ३ अँपिअर देणे त्याला जड जाते आणि जी लाट एका मिलिव्होल्टची होती ती एकाएकी शेकडो मिलिव्होल्टची होऊ शकते. ५ किंवा १२ व्होल्टच्या कामात हा प्रश्न येत नाही. कमाल आकड्याच्या टोकावर उपकरण वापरू नये, याचे हे आणखी एक कारण.

बाहेरून आलेल्या अनेक सप्लायच्या पाठीमागे ११० आणि २२० व्होल्ट यांची अदलाबदल करणारा लहानसा स्विच असतो. तो ११० वर राहिला आणि प्लग भारतीय सॉकेटमध्ये गेला, तर उपकरण सुरू होण्यापूर्वीच संपते. खोक्यातून बाहेर काढल्यावर सर्वप्रथम हा स्विच पाहावा.

त्याहून महत्त्वाचे आहे ते अर्थिंग. सप्लायच्या समोर बहुधा तीन टर्मिनल असतात : लाल, काळे आणि हिरवे. लाल धन, काळे ऋण, आणि हिरवे म्हणजे पेटीचे धातूचे अंग व त्याद्वारे जमीन. काळे म्हणजे अर्थिंग हा समज चुकीचा आहे. चांगल्या सप्लायमध्ये लाल व काळे टर्मिनल जमिनीपासून विलग, तरंगते असतात, म्हणूनच दोन आउटपुट एकापुढे एक जोडता येतात. ऑसिलोस्कोप वापरणाऱ्याने तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. त्याच्या प्रोबची जमिनीची क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. सप्लायचे काळे टर्मिनल हिरव्याला जोडले असताना ती क्लिप लाल तारेला लावली, तर थेट शॉर्टसर्किट होते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजूनही दोन पिनांची सॉकेट आढळतात. अशा ठिकाणी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणे किंवा अडॅप्टर लावून काम भागवणे हा प्रकार सर्रास चालतो. स्विचिंग सप्लायमध्ये गोंगाट शोषण्यासाठी वीजवाहक तारांपासून पेटीपर्यंत लहान धारित्रे जोडलेली असतात. अर्थिंग नसेल तर पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट, म्हणजे निम्मा दाब, दिसू शकतो. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ मुंग्या येतात, पण ती मुंगी अर्थिंग नसल्याची सूचना असते. आत एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर त्याच पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्या वेळी केवळ मुंग्या येणार नाहीत.

सोलापूर हा पर्जन्यछायेतील जिल्हा. उन्हाळ्यात जमीन खोलवर वाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील मातीचा रोध वाढतो. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. परवानाधारक वायरमनकडून ते एकदा तपासून घ्यावे, खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे आणि घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. सप्लायच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च मोठा नाही आणि त्याचा लाभ साऱ्या घराला होतो.

स्वस्तातले मार्ग

जुन्या संगणकाचा एसएमपीएस काढून त्याचा बेंच सप्लाय बनवण्याची कल्पना अनेक विद्यार्थ्यांना मोहात पाडते. तो फुकटात मिळतो, ५ आणि १२ व्होल्ट देतो, हे खरे. परंतु त्याच्या १२ व्होल्टच्या तारेतून दहा-पंधरा अँपिअर सहज वाहू शकतात आणि तोवर त्याचे संरक्षण जागेही होत नाही. प्रयोगातील चुकीच्या जोडणीला एवढा प्रवाह देणे म्हणजे वेल्डिंगच होय. शिवाय त्याची पेटी उघडली, तर आतील धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्टचा दिष्ट दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. शिकाऊ माणसाने ती पेटी उघडू नये.

स्वतः सप्लाय बांधणे हा याहून चांगला मार्ग आहे. एलएम३१७ ही तीन पायांची आयसी, दोन रेझिस्टर, काही धारित्रे आणि २४ व्होल्टपर्यंतचा तयार, बंदिस्त अडॅप्टर एवढ्यावर एक वापरण्याजोगे उपकरण तयार होते. आयसीला उष्णतेपासून आणि अतिप्रवाहापासून स्वतःचे संरक्षण असते. मात्र तिचा दाब १.२५ व्होल्टच्या खाली येत नाही, कमाल प्रवाह दीड अँपिअर आहे आणि प्रवाहमर्यादा हवी तशी बदलता येत नाही. शिकण्यासाठी ती उत्तम, पण दुरुस्तीच्या व्यवसायासाठी अपुरी. २३० व्होल्टची बाजू स्वतः जोडण्याऐवजी तयार अडॅप्टर वापरण्यात शहाणपण आहे, कारण ३० व्होल्टपर्यंतचा दिष्ट दाब कोरड्या हाताला सहसा इजा करीत नाही. खरा धोका असतो तो सॉकेटच्या बाजूस.

महाविद्यालये आणि कारखाने यांच्या भंगारातून जुने लिनिअर सप्लायही मिळतात. रोहित्र शाबूत असेल तर वाळलेली धारित्रे आणि झिजलेले नॉब बदलून असा सप्लाय पुढे कित्येक वर्षे चालू शकतो. जाणकार सोबत असेल, तर हा सौदा बहुधा नव्या अनामिक उपकरणापेक्षा फायद्याचा ठरतो.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी

खरेदीला जाताना मल्टीमीटर आणि १० ओहम, २५ वॉटचा एक वायरवाउंड रेझिस्टर सोबत न्यावा. सप्लायचा प्लग सॉकेटमध्ये घालण्यापूर्वी त्याची मोठी पिन आणि पेटीचा न रंगवलेला स्क्रू यांमधील रोध मोजावा. तो एका ओहमहून कमीच भरला पाहिजे. न भरल्यास पुढे काही तपासण्याची गरज नाही; ते उपकरण परत ठेवावे.

मग सप्लाय सुरू करून ५ आणि १२ व्होल्ट लावावेत व मल्टीमीटरशी आकडा पडताळावा. प्रवाहाचा नॉब शून्यावर आणि दाब कमी, पण शून्याहून थोडा वर ठेवून दोन्ही टर्मिनल तारेने जोडावीत आणि प्रवाहाचा नॉब हळूहळू फिरवावा. सीसीचा दिवा लागून प्रवाह शून्यापासून सलग, उड्या न मारता वाढला पाहिजे. त्यानंतर १० व्होल्ट, २ अँपिअर मर्यादा लावून रेझिस्टर जोडावा. प्रवाह एका अँपिअरच्या जवळ यावा आणि टर्मिनलवरील दाब जोडण्यापूर्वी व नंतर काही मिलिव्होल्टहून अधिक बदलू नये. या चाचणीत रेझिस्टर दहा वॉट उष्णता देतो, म्हणून त्याला हात लावू नये. शक्य असल्यास अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पेटी, पंखा आणि वास यांकडे लक्ष द्यावे.

सोबत मिळणाऱ्या तारांचीही परीक्षा करावी. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर लांब दोन तारांचा एकत्रित रोध सुमारे ०.०७ ओहम असतो. ३ अँपिअर प्रवाहाला त्यातच ०.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि सप्लायवर ५ व्होल्ट दिसत असताना बोर्डाला ४.८ व्होल्टच मिळतात. मगरचिमट्यांच्या स्वस्त तारा याहून कितीतरी बारीक असतात. बोर्ड वारंवार अकारण बंद पडतो, ही तक्रार कित्येकदा सप्लायची नसून तारेची असते.

या साऱ्याचा निष्कर्ष मोजक्या शब्दांत असा. बहुतेक घरांसाठी ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा, प्रवाहमर्यादा आणि आउटपुटचे बटण असलेला, दुरुस्त होऊ शकणारा लिनिअर सप्लाय योग्य. ॲनालॉग कामासाठी तसाच दोन आउटपुटचा. मोटारी आणि दिव्यांसाठी अधिक प्रवाहाचा स्विचिंग सप्लाय चालेल, पण त्याआधी घराचे अर्थिंग पक्के हवे.

आणि उपकरण घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी. नवा बोर्ड जोडताना दाब नेमका लावावा, प्रवाहमर्यादा अपेक्षेपेक्षा किंचितच वर ठेवावी आणि मगच आउटपुट सुरू करावे. सीसीचा दिवा लागला तर मर्यादा वाढवण्याचा मोह टाळून आउटपुट बंद करावे आणि जोडणी पुन्हा तपासावी. सप्लाय त्याचे थांबण्याचे काम करतो, तेव्हा माणसानेही थांबायला हवे.